पाचवीचा वर्ग, पाच पातळ्या: सगळ्या मुलांपर्यंत कसं पोहोचायचं

मुंबईतल्या एखाद्या पालिका शाळेतला पाचवीचा मराठी माध्यमाचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. पटावर बेचाळीस मुलं. काहींच्या घरी मराठी बोलतात, काहींच्या घरी भोजपुरी, काहींच्या घरी कन्नड. आठ-दहा जण धडा घडाघडा वाचतात आणि तेवढ्याच मुलांना 'डोंगर' हा शब्द जोडून वाचता येत नाही. पुस्तक मात्र सगळ्यांना एकच, आणि पाचवीच्या मुलाला चौथीपर्यंतचं सगळं येतं असं ते धरून चालतं.

अशा वेळी बहुतेक शिक्षक मधल्या मुलांकडे बघून शिकवतात. त्याने होतं असं, की पुढची मुलं कंटाळतात आणि मागची मुलं फळ्यावरचं उतरवून घ्यायला शिकतात. वह्या पूर्ण दिसतात, अक्षर सुंदर असतं, वह्या तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनाही सगळं ठीक वाटतं. पण न वाचता येणारं मूल फळ्यावरून उतरवतं तेव्हा ते लिहीत नसतं, चित्र काढत असतं. पूर्ण वहीवरून मुलाची पातळी ठरवणं ही या कामातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. ती सहसा जानेवारीत लक्षात येते, तोवर वर्ष गेलेलं असतं.

म्हणून पहिलं काम शिकवायचं नाही, शोधायचं. कोणतं मूल नेमकं कुठे अडलंय, हे जूनमध्येच कागदावर उतरायला हवं.

पाच मिनिटांची चाचणी

'प्रथम' ही संस्था १९९०च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांतल्या बालवाड्यांपासून उभी राहिली. तिच्या कामातून आलेली वाचन-चाचणी आज 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीमुळे देशभर माहीत आहे, आणि ती कोणत्याही शिक्षकाला करता येते. एका कागदावर चार गोष्टी मोठ्या अक्षरात लिहा: सुटी अक्षरं, जोडाक्षर नसलेले सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची आठ-दहा ओळींची गोष्ट.

सुरुवात उताऱ्यापासून करा. मूल तीनपेक्षा जास्त न चुकता, वाक्य तोडत न बसता वाचत असेल, तर गोष्ट द्या. उतारा जमत नसेल तर शब्द द्या. मुलाने निवडलेल्या पाचांपैकी चार बरोबर आले तर ते शब्दांच्या पातळीवर. तेही जमलं नाही तर अक्षरं, त्यांनाही पाचांत चार हाच नियम. गणितासाठी असाच उतरता क्रम ठेवा: तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार, मग दशक सुटा करून दोन अंकी वजाबाकी, मग १० ते ९९ मधल्या संख्यांची ओळख, मग १ ते ९.

एका मुलाला पाच-सहा मिनिटं लागतात. बेचाळीस मुलांचे चार तास होतात. ते एका दिवसात उरकायला गेलं की शेवटच्या वीस मुलांचं मोजमाप घाईचं होतं, म्हणून रोज सहा मुलं घ्या, सात दिवसांत वर्ग पूर्ण होतो. चाचणी व्हरांड्यात किंवा वर्गाच्या कोपऱ्यात घ्या. इतरांना ऐकू जात असेल तर घाबरणारं मूल वाचत नाही, आणि पाठांतर पक्कं असलेलं मूल शेजारच्याचं ऐकून तेच म्हणून दाखवतं.

निकालापेक्षा चुकांची नोंद जास्त मोलाची. मूल 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांत गोंधळतं का? पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि उच्चारात नंतर, तिथे ते अडखळतं का? 'र' जोडाक्षरात रूप बदलतो: सूर्य, चक्र, ट्रक, सुऱ्या. यातलं कोणतं रूप त्याला ओळखू येत नाही? ही नोंद म्हणजेच पुढच्या तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम.

एक सापळा इथे हमखास असतो. 'क का कि की' ही ओळ न थांबता म्हणणाऱ्या मुलाला 'की' एकटं दाखवलं तर वाचता येत नाही, कारण त्याला गाणं पाठ आहे, चिन्ह ओळखीचं नाही. म्हणून अख्खी मुळाक्षरं आणि मग अख्खी बाराखडी असा क्रम धरू नका. म, क, ल, र, न अशी पाच अक्षरं आणि काना घ्या. पहिल्याच दिवशी 'कमल', 'माकर' यांपैकी कोणता शब्द खरा आणि कोणता खोटा, हा खेळ सुरू होतो. खोटे शब्द मुद्दाम घाला. ते पाठ असू शकत नाहीत, वाचावेच लागतात.

पंचवीस म्हणजे बावन्न का लिहिलं जातं

गणितात मागे पडलेल्या मुलांची निम्मी अडचण गणिताची नसते, भाषेची असते. मराठीत आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. जसं ऐकलं तसं लिहिणारं प्रामाणिक मूल ५२ लिहितं. 'एकोणतीस' त्याहून अवघड, कारण त्यात 'तीस' ऐकू येतं पण लिहायचा असतो दोनचा अंक, म्हणून मुलं ३९ किंवा ३१ लिहून मोकळी होतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं आणि राज्यभर वाद झाला. संख्यानामं टिकावीत की नाही यावर कुणाचं काही मत असो, त्या बदलामागची अडचण खरी होती आणि ती आजही रोज वर्गात दिसते.

उपाय फळ्यावर सापडत नाही, हातात सापडतो. आईस्क्रीमच्या काड्या किंवा झाडूचे हीर घ्या, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधा. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या समोर ठेवल्यावर मुलाने आधी 'वीस आणि पाच' म्हणावं, मग 'पंचवीस'. दुसरं साधन कार्डांचं: २० लिहिलेलं रुंद कार्ड आणि त्यातल्या शून्यावर बरोबर बसेल असं ५चं अरुंद कार्ड. कार्डं एकावर एक ठेवली की २५ दिसतात, उचलली की २० पुन्हा उघडं पडतं. दहाच्या खोट्या नोटा आणि रुपयाची नाणीही चालतात. मुंबईतल्या मुलांना पैशाचा हिशोब बऱ्याचदा वहीतल्या हिशोबाच्या आधी येतो, कारण दुकानातून सामान आणायचं काम त्यांच्याकडे असतं. वजाबाकीत 'हातचा' हा शब्द न वापरता गठ्ठ्याचं रबर काढून दहा काड्या सुट्या करायला लावा. घरी हिंदी बोलणाऱ्या मुलाने 'हासिल' हा शब्द ऐकलेला असतो आणि 'हातचा' म्हणजे तोच की दुसरा काही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. रबर काढताना दोन्ही शब्दांचा अर्थ एकदाच कळतो.

हे घरच्या भाषेबद्दल सगळीकडेच लागू आहे. मुंबई महानगरपालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते, तरी मुलाची घरची भाषा आणि शाळेचं माध्यम जुळतंच असं नाही. नवा शब्द शिकवताना 'तुमच्या घरी याला काय म्हणतात?' हा प्रश्न विचारून फळ्याच्या एका कडेला ते शब्द लिहिले, तर त्यात दोन मिनिटं जातात. त्या दोन मिनिटांत गप्प बसणारी मुलं बोलायला लागतात, कारण त्या प्रश्नाचं उत्तर वर्गात फक्त त्यांच्याकडेच असतं.

गट करायचे, पण रांग करायची नाही

चाचणी झाल्यावर मुलांचे वाचनाच्या पातळीनुसार गट करा. हे गट दिवसातून एकच तास, भाषा आणि गणितासाठी. बाकी वेळ वर्ग मिसळलेलाच राहू द्या. गटांना पहिला-दुसरा म्हणू नका आणि 'हुशार-ढ' तर मुळीच नको. नद्यांची किंवा किल्ल्यांची नावं द्या. तरी मुलांना कोणता गट कशाचा ते आठवड्यात कळतंच. म्हणून नावापेक्षा महत्त्वाचं आहे ते हलणं. दर तीन आठवड्यांनी पुन्हा चाचणी घ्या आणि पुढे गेलेल्या मुलाला लगेच पुढच्या गटात बसवा. जे गट दिवाळीपर्यंत तसेच राहतात त्यांची रांग होते आणि शेवटच्या रांगेतलं मूल आपली जागा तीच आहे असं मानायला लागतं.

३५ मिनिटांच्या तासिकेत हे असं बसतं. पहिली सात मिनिटं सगळ्यांना एकत्र एक छोटी गोष्ट किंवा चित्र, त्यावर बोलणं. मग वीस मिनिटं गटकाम. त्यातली पहिली बारा मिनिटं शिक्षक अक्षर-शब्दांच्या गटाजवळ जमिनीवर बसतात, पुढची आठ मिनिटं मधल्या गटाजवळ. पुढच्या गटाला आधीच पूर्ण काम दिलेलं असतं. शेवटची आठ मिनिटं पुन्हा सगळे एकत्र, आणि प्रत्येक गटातलं एक मूल काहीतरी करून दाखवतं.

यात काय बिघडतं? बहुधा पुढचा गट दहा मिनिटांत काम संपवतो आणि गोंगाट करतो. त्यांना तशीच आणखी दहा गणितं देणं म्हणजे लवकर शिकल्याची शिक्षा आहे. त्याऐवजी एक चुकीचं सोडवलेलं उदाहरण द्या आणि चूक कुठे झाली, का झाली, ते लिहायला सांगा. किंवा उत्तर द्या आणि त्यावरून शाब्दिक उदाहरण बनवायला सांगा. दुसरी गडबड अशी होते, की शिक्षक मागच्या गटाला एखाद्या हुशार मुलीच्या हवाली करून स्वतः पुढच्या गटाला शिकवतात. ज्यांना सगळ्यात कुशल शिक्षणाची गरज, त्यांना सगळ्यात अननुभवी शिक्षक मिळतो. जोडीने अभ्यास चांगलाच, पण तो सरावासाठी. पहिल्यांदा शिकवण्यासाठी नाही.

प्रश्न विचारण्याची पद्धतही तपासून बघा. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात मोजलं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद किंवा अधिक थांबलं तर उत्तरं लांब येतात आणि जास्त मुलं बोलतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, उभं राहिल्यावर मात्र फार लांब वाटतात. मनातल्या मनात 'एक केळं, दोन केळी, तीन केळी' असं मोजा. हात वर करणाऱ्यालाच विचारायचं सोडा; बरणीत हजेरी क्रमांकाच्या चिठ्ठ्या ठेवा आणि आधी प्रश्न, मग थांबणं, मग चिठ्ठी, या क्रमाने जा. लाजणाऱ्या मुलांसाठी चिठ्ठीच्या आधी शेजाऱ्याशी अर्धा मिनिट बोलू द्या. आणि 'समजलं का?' हा प्रश्न कायमचा बंद करा. त्याला सगळा वर्ग 'होऽऽ' म्हणतो आणि त्यातून काहीच कळत नाही. तासाच्या शेवटी चतकोर कागदावर एकच गणित सोडवून घ्या आणि घरी जाताना गोळा करा. ते कागद 'जमलं', 'थोडं अडलं', 'अजिबात नाही' अशा तीन ढिगांत टाकायला पाच मिनिटं लागतात, आणि उद्या काय शिकवायचं ते ठरतं.

काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हाताने करून, असं प्रशिक्षण वर्गांत अजूनही सांगतात आणि मुलांचे तसे प्रकार पाडायला लावतात. त्यात वेळ घालवू नका. २००८ मध्ये हॅरोल्ड पॅश्लर आणि तीन मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचं संशोधन तपासलं, तेव्हा अशा प्रकारांप्रमाणे शिकवल्याने मुलं अधिक शिकतात याचा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. बघणं, ऐकणं, करणं हे तिन्ही सगळ्यांनाच लागतं. कोणतं कधी, हे मुलावरून नाही, विषयावरून ठरतं: नकाशा बघूनच कळतो आणि कविता ऐकूनच.

अडचण वेगळी असेल तेव्हा

चांगलं शिकवूनही एखादं मूल हलत नाही. बोलण्यात तरबेज, तोंडी हिशोबात पटाईत, पण वाचन-लेखन जागच्या जागी. इथे 'आळशी' हा शब्द तोंडात येण्याआधी दोन गोष्टी तपासा: डोळे आणि कान. त्या ठीक असतील आणि मूल आठ वर्षांचं झालं असेल, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना अडण्याची, शंका घ्यायला जागा आहे. त्याआधी पक्कं निदान सहसा करत नाहीत, कारण लहान वयात बरीच मुलं नुसतीच मागे असतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता येते. मुंबईत शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, नायर अशा सरकारी-पालिका रुग्णालयांत तपासणी आणि प्रमाणपत्राची सोय आहे. निदान शिक्षकाने करायचं नसतं. शिक्षकाने द्यायचा असतो तो पुरावा: तीन-चार महिन्यांतली वहीची पानं, चुकांची नोंद, काय करून पाहिलं त्याची यादी. तपासणीला एकाहून अधिक फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीला रोजंदारीवरच्या पालकांचा खाडा पडतो. हे आधीच सांगितलं नाही तर दुसऱ्या फेरीनंतर ते येणं सोडतात.

प्रमाणपत्र मिळाल्यावर लेखी परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण वर्गातल्या सोयींना कुठलाही कागद लागत नाही. उत्तर तोंडी घेता येतं, फळ्यावरचं उतरवायला छापील कागद देता येतो, आणि सगळ्यांसमोर अचानक मोठ्याने वाचायला लावणं आजच थांबवता येतं. कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी फळ्याकडे तोंड करून बोलणं बंद करा, मुलाला ओठ दिसले पाहिजेत. श्रवण तपासणीसाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. सतत उठणाऱ्या मुलाला वह्या वाटायचं, फळा पुसायचं काम द्या. हालचाल होतेच, तर ती कामाची होऊ दे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने बंद आहे. टोमणेही त्यात येतात.

या कामात शिरायचं कसं

मुंबईत शिक्षक व्हायचं तर आधी कोणत्या वयाच्या मुलांना शिकवायचंय ते ठरवा, कारण पात्रता त्यावर अवलंबून आहे. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतर दोन वर्षांचं डीएलएड, म्हणजे प्राथमिक शिक्षणाची पदविका. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३च्या निकालानंतर बीएड या वर्गांसाठी चालत नाही. अनेक पदवीधर अजूनही ते चालतं या गैरसमजात बीएडला प्रवेश घेतात. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि व्यावसायिक पदविका किंवा पदवी, नववी-दहावीसाठी पदवी आणि बीएड, कनिष्ठ महाविद्यालयासाठी पदव्युत्तर पदवी आणि बीएड. विशेष शिक्षक व्हायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते.

पहिली ते आठवीसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, हवीच. १५० प्रश्न, १५० गुण, १५० मिनिटं. खुल्या गटाला ६० टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. पेपर एक पाचवीपर्यंत, पेपर दोन सहावी ते आठवी. हे प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५च्या निकालाने सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी लागू केली आहे: निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक उरलेल्यांना दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचं आहे.

टीईटीने फक्त पात्रता मिळते. भरती होते ती शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या (टेट) गुणांवर, पवित्र या राज्य शासनाच्या शिक्षक भरती पोर्टलमधून. या 'टेट'मध्ये दोन तासांत २०० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. इथे अभ्यासापेक्षा वेग कमी पडतो; वेळ लावून सराव केल्याशिवाय पेपर पूर्ण होत नाही. निवड झाल्यावर तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधन: २०२३च्या वाढीनंतर प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,००० रुपये. मुंबईचं भाडं बघता पहिली तीन वर्षं ओढाताणीची जातात, हे घरच्यांशी आधी बोलून ठेवा.

खासगी संस्थेत जाताना एकच प्रश्न न लाजता विचारा: हे पद अनुदानित आहे का, आणि संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून शासनाने मंजूर केलेल्या पदांत, आहे का? पटसंख्या घटली की पद कमी होतं आणि शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. मुंबईच्या मराठी शाळांत ही भीती खरी आहे. नेमणूकपत्र हातात आलं तरी शिक्षण विभागाची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला क्रमांक मिळेपर्यंत अनुदानित पगार सुरू होत नाही. तोंडी आश्वासनावर वर्षानुवर्षं थांबलेली माणसं या क्षेत्रात थोडी नाहीत. 'अनुदान येईलच' या वाक्यावर नोकरी धरू नका, कागद बघा.

स्वयंअर्थसहाय्यित आणि इतर मंडळांच्या शाळांत बहुधा नमुना पाठ घेतात, दहा-पंधरा मिनिटांचा. तिथे उमेदवार अख्खा धडा संपवायला धावतात आणि तिथेच चुकतात. एकच छोटा मुद्दा घ्या. पहिल्या दोन मिनिटांत मुलांना काय येतं ते विचारा, एखाद्याने चूक उत्तर दिलं तर 'असं का वाटलं?' म्हणून ती चूक उलगडा, आणि शेवटी प्रत्येकाकडून चतकोर कागदावर एक उत्तर लिहून घ्या. पाठ संपल्यावर ते कागद परीक्षकांसमोर तीन ढिगांत मांडा आणि दुसऱ्या दिवशी कोणत्या ढिगाला काय शिकवाल ते सांगा.